गावचं घर विकायला काढताय? मग फोटोच्या आधी हे करा

पहिल्यांदा घराचे फोटो काढायला कुणी बोलावलं, तेव्हा त्या घराच्या बैठकीत छातीएवढा कापूस भरलेला होता. मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. नवरा-नवरीला 'जरा इकडं सरका' म्हणायची सवय. त्याच सवयीनं काकाजींना म्हटलं, हा कापूस जरा हलवता येईल का? ते म्हणाले, "आता कुठी नेऊ बापा याले? डोक्शावर ठेवू?" भाव चढायची वाट बघत होते ते, आणि त्यांचंही खरंच होतं. मी तसेच फोटो काढले. त्यांच्या मुलानं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर टाकले. पहिल्याच दिवशी सहा जणांचे फोन आले. सहाही जणांनी विचारलं, कापूस किती क्विंटल आहे? घराचं कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात बऱ्याच घरांचे फोटो काढले. एक गोष्ट लक्षात आली: विकणारा गावात राहत नसतो आणि घेणाराही गावातला नसतो. मुलगा पुण्यात, मुलगी नागपुरात, घराला कुलूप. घेणारे म्हणजे रिटायर होऊन गावाकडे परतणारे मास्तर, तालुक्याला नोकरी लागलेलं जोडपं, नाहीतर शनिवार-रविवारपुरतं गाव हवं असलेले नागपूरकर. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई असा सगळा ७०१ किलोमीटर सुरू झाला, तेव्हापासून गाडी काढून लांबचं घर बघून यायला लोक तयार होतात. पण निघायचं की नाही ते ठरतं फोटोवर.

आणि फोटोत हे लोक सोफा बघत नाहीत. पाणी कुठून येतं, छप्पर कशाचं, भिंतीला तडा आहे का, संडास घरात की मागं, चारचाकी दारापर्यंत येते का, हे बघतात. म्हणून शहरातल्या फ्लॅटसाठी दिलेले सल्ले, गालिचा अंथरा, टेबलावर फळांची परडी ठेवा, इथं फारसे कामाचे नाहीत. आपल्याकडच्या घरात अडचण वेगळी असते. घरभर हंगाम पसरलेला असतो आणि त्याखाली घर दिसत नाही. तो आवरायला तीन-चार दिवस लागतात, फोटोला दोन तास.

महिना कोणता

दिवाळीला घर सगळ्यात नीट असतं. रंग नवा, सारवण ताजं, जाळी-जळमटं काढलेली. पण दसऱ्याच्या आसपास सोयाबीन घरात येतं आणि दिवाळी उलटली की कापसाचे वेचे यायला लागतात. दोन्हींच्या मधे जेमतेम आठ-दहा दिवस मिळतात. सोयाबीन सरळ बाजारात नेणारे असाल तर हेच दिवस पकडा.

ते हुकले तर फेब्रुवारी ते होळी. कापूस बहुतेकांचा विकून झालेला असतो, तूर निघालेली असते, भिंती खडखडीत कोरड्या, ऊन अजून सोसवतं. गावाबाहेर पळस फुललेला असतो, तोही एखाद्या फोटोत येऊ द्या.

मे महिन्यात काढू नका. ४५ अंशांच्या उन्हात अंगण पांढरंफटक येतं, ओसरी काळीकुट्ट येते आणि खिडकी तिथं कूलर. पावसाळ्यात सगळं हिरवंगार दिसतं, पण चिखल आणि भिंतीची ओलही तेवढीच दिसते. एक काम मात्र पावसाळ्यातच करून ठेवायचं. धो-धो पाऊस चालू असताना घरात उभं राहून प्रत्येक खोलीच्या छताचा मिनिटभर व्हिडिओ काढा, पावसाच्या आवाजासकट. "पावसाळ्यात गळतं का हो?" हा प्रश्न गिऱ्हाईक फेब्रुवारीतही विचारतं, आणि तेव्हा शपथा घेण्यापेक्षा हा व्हिडिओ पाठवलेला बरा.

आठ दिवस आधी: माल हलवा

घर पूर्ण रिकामं करा असं मी सांगणार नाही, ते होत नाही. एक खोली ठरवा, शक्यतो मागची, आणि बाकी सगळ्या खोल्यांतला पसारा तिथं कोंबा. उरलेल्या खोल्यांचे फोटो झाले की अर्ध्या तासात तोच पसारा पुढच्या खोलीत आणा आणि कोंबलेल्या खोलीचा फोटो घ्या. दोन माणसं हाताशी असली की भागतं.

कापूस असेल तर त्याचं वेगळं. तो भावकीतल्या कुणाच्या रिकाम्या खोलीत किंवा कोरड्या कोठ्यात (गोठ्यात) ताडपत्रीवर जाऊ द्या, पण फोटोसाठी म्हणून रात्री उघड्यावर ठेवू नका. दव बसलं की ओलावा वाढतो, आणि १२ टक्क्यांपुढे ओलावा गेलेला कापूस सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर घेत नाहीत. घराच्या फोटोपायी कापूस परत आणायची वेळ कुणावर येऊ नये. हलवताना विडी-काडी लांब ठेवायची, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. मजुरांना मात्र सांगा.

खताची पोती, फवारणीचा पंप, औषधाच्या अर्ध्या बाटल्या या आधी बाहेर. त्या फोटोत वाईट दिसतातच, पण फोटोच्या दिवशी गावातले पोट्टे घरात मोकळे फिरतात हे मोठं कारण आहे. कुलपात ठेवा. धान्याचे चार-पाच कट्टे भिंतीला नीट लावलेले असले तर मला चालतात. बघणाऱ्याला खोलीचं माप कळतं.

तेच सामानाचं. प्रत्येक खोलीत एक मोठी वस्तू राहू द्या: बैठकीत दिवाण, मागच्या खोलीत खाट किंवा लोखंडी कपाट. अगदी ओकीबोकी खोली फोटोत केवढी आहे तेच समजत नाही, आणि घर वर्षानुवर्षं बंद असल्यासारखं वाटतं. एकावर एक चढवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दोरीवरचे कपडे, चार्जरच्या वायरी, खाटेखाली सरकवलेल्या पेट्या, कोपऱ्यातली टिनाची डबडी, हे सगळं ठरवलेल्या खोलीत.

कूलर काढाच. खिडकी म्हणजे त्या खोलीचा उजेड, आणि आपण नेमका तोच लोखंडी डब्यानं बुजवून ठेवतो. काढताना आधी प्लग ओढा, मग पाणी सोडा, मग दोघांनी उचला. कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. काढल्यावर मागं गंजाचा ओघळ आणि वर्षाची धूळ निघेल. ती पुसायला वेळ धरून ठेवा.

भिंती आणि छप्पर

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण आदल्या दिवशी रंग मारतात.

चुन्याची भिंत ओली असताना मळकट दिसते. ती पांढरी होते वाळल्यावर, हवा लागल्यावर. म्हणून चुना निदान तीन-चार दिवस आधी, दोन पातळ हात, नीळ अगदी चिमूटभर. जास्त नीळ डोळ्याला बरी वाटते, फोनच्या कॅमेऱ्यात भिंत निळसर येते. मातीच्या भिंतीला ऑइलपेंट देऊ नका. आत धरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. जाणकार गिऱ्हाईक मातीच्या भिंतीवर चकचकीत रंग बघून उलट विचारतं, खाली काय झाकलं?

चुलीच्या खोलीतला धूर लागलेला भाग आधी कोरड्या झाडूनं खरडून काढा. ओलं फडकं मारलं की काजळी पसरते, आणि न खरडता चुना दिला की दोन दिवसांत पिवळे-तपकिरी डाग वर येतात. चूल असेल तर पुसून, पोतेरा देऊन तशीच राहू द्या. चूल लपवणारे लोक मला कळत नाहीत. ती बघून फोन करणारी माणसं मी पाहिलीत.

सारवण दोन दिवस आधी. हिवाळ्यात एका दिवसात नीट वाळत नाही आणि फोटोत ओलसर चट्टे येतात.

आता तडे. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचं घर दरवर्षी थोडं हलतं. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेघा सगळ्यांच्याच घरात असतात. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा वर गेलेला, बोट शिरेल असा तडा म्हणजे पाया हलल्याची खूण असू शकते. तो आदल्या दिवशी पुट्टीनं भरू नका. नवी पांढरी रेघ फोटोत तड्यापेक्षा ठळक दिसते, आणि घर बघायला सोबत आणलेला मिस्त्री पहिल्यांदा तिथंच नख लावतो. तडा आहे तसा ठेवा, शेजारी पेन्सिल धरून एक जवळचा फोटो घ्या. तो पुढं कामाला येतो.

लाकडी आढ्यांवर उधईच्या (वाळवीच्या) मातीच्या नळ्या असतील तर नुसत्या खरडून काय होणार? औषध मारून घ्या आणि कधी मारलं ते लिहून ठेवा.

कवेलूचं (कौलाचं) छप्पर असेल तर फुटकी कवेलं बदला. वानरांचा एक टोळका छपरावरून गेला की पाच-पन्नास कवेलं जातात. कितीतरी घरांवर कवेलू जाऊन टिन आलं ते याच पायी. मागच्या उन्हाळ्यात घर फेरलं, म्हणजे कवेलं उतरवून पुन्हा रचली असतील, तर तसं सांगा, फेरलेलं कवेलू फोटोत सरळ रांगेत दिसतं. टिनाच्या छपराखाली भरदुपारी आत उभं राहून जमिनीकडं बघा. उन्हाचे रुपयाएवढे गोल ठिपके पडले असतील तर वर तिथंतिथं छिद्रं आहेत. ती बुजवूनच फोटो काढा. फोटोतले ठिपके बघणाऱ्याच्या लक्षात येतात.

अंगण, कोठा, सांदवाडी (घरामागची मोकळी जागा)

गावातल्या घराची अर्धी किंमत मोकळ्या जागेत असते आणि फोटोत तीच सगळ्यात दुर्लक्षित. पऱ्हाट्यांचा, तुराट्यांचा (कापसाच्या, तुरीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग एका कडेला रचा, नाहीतर कुणाला जळणाला देऊन टाका. ढिगाला हात घालताना पायात बूट, हातात काठी, आणि काम सकाळच्या उजेडात. विंचू, मण्यार, घोणस यांना ही जागा फार आवडते. मी स्वतः एकदा चपलेवर गेलो होतो. ढिगातून फुस्स आवाज आला आणि उरलेलं काम घरमालकानं केलं.

उकिरडा हलत नाही. तो फोटोत येणार नाही असा कोन धरा, पण जागेच्या मापातून वगळू नका. कोठा झाडून, कुटार एका बाजूला करून, ढोरं बाहेर बांधून त्याचा रिकामा फोटो घ्या. किती जनावरं बसतात ते तोंडी सांगा. घेणारा कदाचित तिथं गाडीच लावेल.

सडा पहाटे टाका, फोटो तो वाळल्यावर. छोटी रांगोळी असली तर छान, पण लग्नाएवढी नको. तुळशीवृंदावनाला गेरूचा हात पुरे. विहीर असेल तर काठावरची मोटार, पाइप, गवत आवरा आणि आतलं पाणी दिसेल असा फोटो घ्या, कुणाला तरी कंबरेला धरायला सांगून. कठडा नसलेल्या विहिरीत वाकून फोन धरणं हा शूरपणा नाही. बोअर असेल तर मोटार चालू असताना धार पडते आहे असा फोटो. नळ असेल तर नळाची वेळ विचारून त्याच वेळेला. कोरड्या तोटीच्या फोटोला काही अर्थ नाही.

संडास-न्हाणीचा फोटो काढायला लोक लाजतात. "त्याचा काय फोटो काढता, भाऊ?" पण घरातल्या बाई सोबत घर बघणार असतील तर त्या हाच फोटो आधी उघडतात. घासून धुवा, बादल्या-मग्गे काढा, दार पूर्ण उघडून बाहेरून एक फोटो घ्या, म्हणजे घरापासून किती पावलांवर आहे तेही दिसतं.

भिंतीवर काय काय असतं

आपल्या घरांच्या भिंती म्हणजे वह्या असतात. दाराच्या बाजूला कोळशानं लिहिलेले फोन नंबर, गिरणीचा हिशोब, दुधाच्या रेघा, पोलिओच्या डोसाला आलेल्यांच्या खडूच्या खुणा, बाहेरच्या भिंतीवर मागच्या निवडणुकीचं चिन्ह. फोन नंबर तरी नक्की पुसा. तुमच्या सोयरिकीचे नंबर कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये जातील याचा नेम नाही. कॅलेंडर काढा. दोन वर्षांपूर्वीचा महिना फोटोत दिसला की घर तेवढे दिवस पडून आहे असं गिऱ्हाईक धरून चालतं आणि भाव पाडून मागतं.

विजेच्या मीटरचा फोटो जरूर घ्या, घराला स्वतंत्र मीटर आहे हे दिसू द्या, पण ग्राहक क्रमांकावर बोट ठेवून. गाड्यांच्या नंबरपाट्या, मुलांची प्रमाणपत्रं, शिधापत्रिका अडकवलेला खिळा, सगळं एकदा नजरेखालून घाला. आरशात आणि कपाटाच्या काचेत तुम्ही स्वतः दिसताय का तेही बघा. बनियनवरचा मी एका बैठकीच्या फोटोत आजही आहे.

देवघर आणि हार घातलेले फोटो, हा अवघड भाग. नियम सांगतो की घरातल्या माणसांचे फोटो काढून ठेवावेत. एका आजीला मी तसं म्हटलं. भिंतीवर त्यांच्या मालकांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्या म्हणाल्या, "त्याइनंच त बांधलं हे घर, त्याइलेच काढू?" मी समोरच्या भिंतीकडून फोटो घेतला. हा कोन वाईट होता, त्यात खिडकी अर्धीच आली. तरी तोच पाठवला. देवघराचा मात्र फोटो घेतच नाही. देव घरासोबत विकले जात नाहीत, आणि घेणाऱ्याचे देव वेगळे असतील.

उजेड कधी आणि कुठून

तयारी पूर्ण झाली की एक दिवस नुसतं बघण्यात घालवा. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, तीनदा घराभोवती फिरा आणि कोणत्या भिंतीवर ऊन कधी येतं ते कागदावर लिहा.

पूर्वमुखी घर सकाळी आठ-नऊच्या आधी काढा, पश्चिममुखी दुपारी साडेतीन-चारनंतर. दक्षिणमुखी घराला हिवाळ्यात अडचण नाही. सूर्य दक्षिणेकडून चालतो, समोरची भिंत दिवसभर उजळलेली. उत्तरमुखी घर मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत तोंड सावलीत घालून बसतं. सूर्य मागं असल्यामुळं फोटोत आकाश पांढरं आणि घर काळं येतं. वास्तू बघणाऱ्यांना उत्तरमुखी घर आवडतं, पण ते नीट काढणं सगळ्यात कठीण. अशा वेळी सूर्य उगवायच्या जरा आधी किंवा मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत काढा, तेव्हा आकाशाचा मऊ उजेड सगळीकडं सारखा असतो. थेट ऊनच हवं असेल तर २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवर पडतं. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्यामुळं मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तर भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पण तेव्हा एकतर भट्टी असते, नाहीतर पाऊस.

घराचं तोंड कुठं आहे ते फोनमधल्या होकायंत्रावर बघून लिहूनच ठेवा. दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न तोच येतो.

माजघर, देवळी असलेल्या आतल्या खोल्या, यांना खिडकीच नसते. तिथं फ्लॅश वापरू नका. समोरचं सगळं चुना फासल्यासारखं पांढरं येतं, मागं काळोख, आणि ऑइलपेंटच्या पट्ट्यावर फ्लॅशचा गोळा चमकतो. एक जुनी युक्ती आहे. आत जाणाऱ्या दाराबाहेर जिथं ऊन पडतं, तिथं जमिनीवर पांढरं धोतर किंवा चादर अंथरा. ऊन त्यावर पडून वर उसळतं आणि आतलं आढं-कोनाडा उजळून निघतो. एक चादर कमी पडली तर दोन. लग्नघरात नवरीच्या खोलीत मी हेच करतो आणि लोक समजतात भाऊंनी भारी लाइट आणलाय.

विजेचे दिवे बंद ठेवा. पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि बाहेरचा उजेड एकत्र आले की एकच भिंत तीन रंगांची दिसते. शिवाय वीज त्या वेळेला असेलच अशा भरवशावर गावात बेत आखायचा नसतो.

फोन कसा धरायचा

महागडा कॅमेरा लागत नाही. गेल्या चार-पाच वर्षांतला कोणताही बरा फोन चालतो. लेन्स मऊ सुती कपड्यानं पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर तेलकट बोटं असतातच आणि खिडकीभोवती धुकं येतं.

फोन आडवा, छातीच्या उंचीवर, साधारण चार-साडेचार फुटांवर. खोलीच्या दारात किंवा कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहा, म्हणजे दोन भिंती आणि जमीन दिसते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून जाळी चालू करा आणि दाराची चौकट जाळीच्या उभ्या रेघेला समांतर धरा. फोन वर किंवा खाली झुकवला की भिंती पडल्यासारख्या दिसतात, आणि मातीच्या घराची भिंत पडल्यासारखी दिसणं परवडत नाही. खोली अंधारी असेल तर फोन स्टुलावर डब्याला टेकवून तीन सेकंदांच्या टायमरवर ठेवा. हात हलला की चित्र पुसट होतं. खिडकी भगभगीत पांढरी येत असेल तर स्क्रीनवर खिडकीपाशी बोट दाबून धरा, उजेड तिथला धरला जाईल, मग थोडं वर सरकवून खोली उजळा.

०.५ च्या, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या, लेन्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अंगणासाठी वापरा, खोलीसाठी नको. हे मी चूक करून शिकलो. दहा बाय दहाची खोली मी त्या लेन्सनं काढली आणि ती सभागृहासारखी दिसली. अमरावतीहून एक जोडपं आलं, दारात उभं राहिलं, त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि "एवढीच?" म्हणून चहा न घेता परत गेलं. घरमालकानं मला काही म्हटलं नाही, पण त्या घरचा चहा मलाही पुन्हा मिळाला नाही.

त्या दिवशी पोट्टे जमणारच. हाकलून उपयोग नाही, ते दुप्पट होऊन येतात. एकाला चादर धरायला लावा, एकाला फोटोत येणाऱ्यांना अडवायला, उरलेल्यांचा शेवटी एक फोटो काढायचं कबूल करा आणि खरंच काढा.

कोणते फोटो, कोणत्या क्रमानं

माणूस घरात जसा येईल तसा क्रम ठेवा. डांबरी रस्ता सुटतो तिथून गल्ली, गल्लीतून दार, समोरून पूर्ण घर, ओसरी, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, मागच्या खोल्या, जिना-माडी असेल तर ती, न्हाणी-संडास, पाणी, कोठा, सांदवाडी, मागून घर, छप्पर. पंधरा ते अठरा फोटो पुरेत. चाळीस पाठवले तर कुणी शेवटपर्यंत बघत नाही. शिवाय फाटकापासून सांदवाडीपर्यंत सावकाश चालत एक मिनिटाचा व्हिडिओ, न बोलता.

यात एक कागद जोडा: हातानं काढलेला घराचा नकाशा, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फुटांत, उत्तर दिशेचा बाण. फोटोनं भागत नाही तिथं हा कागद बोलतो.

दुरुस्त करा, पण पुसू नका

फोटो सरळ करणं, जरा उजळ करणं ठीक. दारासमोरची विजेची डीपी, शेजाऱ्याची पडकी भिंत, वरून गेलेली तार फोनमधल्या जादूनं गायब करू नका. गावात या गोष्टी दोन मिनिटांत कळतात. आणि ही फक्त सभ्यतेची बाब नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाहीत असे मालमत्तेतले आणि मालकीतले महत्त्वाचे दोष विक्रेत्यानं सांगायचे असतात. मघाशी पेन्सिल धरून काढलेला तड्याचा फोटो आठवतोय ना? तो, ओलीचा फोटो आणि उधईच्या औषधाची तारीख वेगळी ठेवा. जाहिरातीत टाकायची गरज नाही. गिऱ्हाईक यायला निघालं की त्याच्या आधी पाठवा. ते ऐकूनही जो येतो तो घ्यायलाच येतो.

कागदपत्रांचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणी झालेल्या गावठाणात मालमत्ता पत्रक मिळतं. यातलं काय काय तुमच्याकडं आहे तेवढं लिहा, प्रती समोरासमोर दाखवा. आधार कार्ड तर नाहीच.

पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि तुमची तीन दिवसांची मेहनत पुसट होते. एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत काढल्याची जागा जशीच्या तशी दडलेली राहते. म्हणून फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून लोकेशन बंद करा, विशेषतः बंद घर असेल तर. ग्रुपवर गावाचं नाव आणि तालुका पुरे. नेमकी जागा फोनवर बोलल्यावर द्या.

घर बंदच असेल तर किल्ली शेजारच्या काकूंकडं ठेवा आणि गिऱ्हाईकाला सांगा, यायच्या आदल्या दिवशी फोन करा. काकूंना सांगून ठेवा की फोन आला की संध्याकाळीच दारं-खिडक्या उघडायच्या, ओसरी झाडायची, सकाळी सडा टाकायचा. आठ दिवस बंद राहिलेल्या मातीच्या घराला कोंदट वास येतो, आणि तो फोटोत आलेला नसतो.